स्वस्त संच घ्यावा कीं उंची?

दसरा-दिवाळीचे दिवस जवळ येऊं लागले, कीं एकत्र कुटुंबांतून जे गृहविषयक वाद उपस्थित होतात, त्यांत दूरदर्शनसंचाच्या खरेदीचा वाद अलीकडे पुष्कळ वरच्या पायरीवर जाऊन बसला आहे. जुना संच कुरकुर करूं लागलेला असतो, वर्तमानपत्रांचीं पहिलीं पानें सवलतींच्या जाहिरातींनीं भरून गेलेलीं असतात, आणि दिवाणखान्यांत दोन पक्ष पडतात. कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले चिरंजीव लाखाच्या वरच्या ओलेड संचाची शिफारस करितात. घरचा जमाखर्च ज्यांच्या हातीं असतो ते वडीलधारे गृहस्थ पंचवीस हजारांच्या संचावर बोट ठेवितात. वाद रंगतो, पण ज्यांना हा संच दिवसाकाठीं सर्वांत अधिक वेळ पाहावयाचा असतो, त्या आजी-आजोबांना आणि दुपारीं घटकाभर विसावा घेणाऱ्या गृहिणींना, ‘तुम्हांला काय हवें?’ असें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. या अंकीं आम्हीं हा प्रश्न त्यांच्या बाजूनें पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, उंची संचाची निंदा करणें हा आमचा हेतु नाहीं. तो खरोखरच चांगला असतो, आणि त्याच्या चांगुलपणाचें कारण समजून घेण्यासारखें आहे. साध्या संचांत पडद्यामागें एलईडी दिव्यांचा प्रकाश सतत पेटलेला असतो, आणि पुढचा द्रवस्फटिकांचा थर तो प्रकाश कोठें अडवून, कोठें सोडून चित्र उभें करितो. हें अडविणें कधींच पूर्ण होत नाहीं. म्हणून रात्रीच्या प्रसंगांतील अंधार काळा न दिसतां राखेसारखा दिसतो. मधल्या किंमतीच्या कित्येक संचांत या दिव्यांचे गट पाडून, जेथें अंधार हवा असेल तेथील गट मंद करण्याची योजना केलेली असते. ओलेड संचांत तर पाठीमागें दिवाच नसतो; प्रत्येक बिंदु स्वतः उजळतो आणि स्वतःच विझतो. त्यामुळें त्यावरील काळा रंग खरोखर काळा असतो, आणि त्याच्या शेजारीं दुसरे रंगहि खुलून दिसतात. जाणत्या रसिकानें यासाठीं अधिक पैसे मोजले, तर त्यास कोणी उधळ्या म्हणूं नये.

परंतु हा गुण पाहावयास घरहि तसें हवें. दिवे मालवून, पडदे ओढून, निवांतपणें चित्रपट पाहणाऱ्यास तो दिसेल. ज्या दिवाणखान्यांत ट्यूबलाईट पेटलेली आहे, कोपऱ्यांत मुलें अभ्यास करीत आहेत आणि स्वयंपाकघराचें दार उघडें आहे, तेथें काळ्या रंगाची ही सूक्ष्म शोभा अर्ध्याहून अधिक वायां जाते. तीच गोष्ट ‘एचडीआर’ या अक्षरांची. अंधार आणि उजेड यांमधील अंतर वाढवून चित्र अधिक जिवंत करण्याची ती रीत आहे. या रीतीचीं चित्रें बहुधा एक हजार ‘निट’ इतकी तेजस्विता गृहीत धरून तयार केलेलीं असतात. आणि स्वस्त संचाची पोंच सामान्यतः अडीचशें-तीनशें निटांच्या आसपास असते. म्हणजे खोक्यावर तीं अक्षरें छापलेलीं असतात, संच तें चित्र स्वीकारतोहि, पण त्यांतील तेज दाखविण्याचें बळ त्याच्या अंगीं नसतें. स्वस्त संच घेतांना या अक्षरांना किंमत देऊं नये, हें त्यांतलें व्यावहारिक तात्पर्य.

दुकानांत संच कसा पाहावा, हेंहि येथेंच सांगतों. दुकानांतील संच ‘विव्हिड’ नांवाच्या भडक मांडणीवर ठेवलेला असतो आणि त्यावर मुद्दाम चित्रित केलेल्या फुलापांखरांच्या फिती फिरत असतात. अशा फितींत कोणताहि संच रूपवान् दिसतो. चतुर गिऱ्हाइकानें विक्रेत्यास स्वच्छ सांगावें, “आमच्या घरीं जी वाहिनी रोज लागते, ती लावून दाखवा.” या एका वाक्यानें पुष्कळ मोह आपोआप गळून पडतात. त्याचें कारण साध्या अंकगणितांत आहे. फोर-के संचाच्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदु असतात. आपल्याकडील साध्या दर्जाच्या वाहिनीचें चित्र ७२० गुणिलें ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचें. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. पडद्यावरील दर वीस बिंदूंपैकीं एकापुरतीच माहिती बाहेरून येते, आणि उरलेले एकोणीस संचास अंदाजानें भरून काढावे लागतात. उंची संचांतील अंदाज बांधणारी यंत्रणा अधिक हुशार असते हें खरें. पण हुशारीनें बांधला तरी अंदाज तो अंदाजच. उलट, तीच वाहिनी एचडी दर्जाची घेतली तर चित्रांत २०,७३,६०० बिंदु येतात, म्हणजे साध्या वाहिनीच्या पांचपट. दरमहा थोडे रुपये अधिक देऊन एचडी वाहिनी घेतल्यानें जो फरक दिसेल, तो कित्येकदां संचावर पन्नास हजार अधिक घालूनहि दिसणार नाहीं.

आतां आकाराविषयीं. निकोप दृष्टीच्या माणसास एका अंशाचा साठावा भाग एवढाच बारकावा ओळखतां येतो. या हिशोबानें ५५ इंची पडद्यावरील फुल-एचडी चित्राचे बिंदु सुमारें सात फुटांपलीकडे, आणि ४३ इंची पडद्यावरचे साडेपांच फुटांपलीकडे, एकमेकांत मिसळून जातात. आपले दिवाण आणि खुर्च्या बहुधा नऊ-दहा फुटांवर असतात. तेथून फोर-केचा अधिक बारकावा डोळ्यांना कळतच नाहीं. सुदैवानें तो आतां स्वस्त संचांतहि मिळतो, तेव्हां त्यासाठीं वेगळा पैसा मोजण्याचें कारण उरलेलें नाहीं. मात्र आकारमानाचा फायदा सर्वांना होतो. ४३ इंचांपेक्षां ५५ इंची पडद्याचें क्षेत्रफळ सुमारें चौसष्ट टक्क्यांनीं अधिक असतें. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना बातम्यांखालची ओळ वाचतां येणें न येणें हें बिंदूंच्या संख्येवर अवलंबून नसून अक्षरांच्या उंचीवर असतें. हाताशीं थोडे पैसे अधिक असतील, तर ते प्रथम आकारावर खर्चावेत.

यापुढची गोष्ट एकत्र कुटुंबासाठीं सर्वांत महत्त्वाची असूनहि तिचा उल्लेख जाहिरातींत क्वचितच आढळतो. ती म्हणजे बाजूनें दिसणें. संचाच्या अगदीं समोर फार तर तिघे बसतात. आजी खिडकीजवळच्या दिवाणावर असतात, मुलें जमिनीवर लोळत असतात, आणि गृहिणी जेवणाच्या टेबलाशीं भाजी निवडतां निवडतां मधून मधून मान वर करून पाहते. द्रवस्फटिकी पडद्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. ‘व्हीए’ जातीचा पडदा समोरून गडद व सुंदर दिसतो, पण बाजूला सरकलें कीं रंग फिके पडतात आणि चेहरे धुतल्यासारखे होतात. ‘आयपीएस’ जातीचा पडदा अंधाराच्या बाबतींत उणा पडतो, परंतु बाजूनें पाहणाऱ्याशीं तो पंक्तिप्रपंच करीत नाहीं. या बाबतींत ओलेड तर दोघांहूनहि सरस आहे, हें त्याच्या पक्षाचें उत्तम प्रमाण होय. हीं नांवें लक्षांत राहिलीं नाहींत तरी चालेल. दुकानांत संचासमोर उभें राहून झालें, कीं चार पावलें डावीकडे आणि चार पावलें उजवीकडे जावें, आणि पडद्यावरील माणसाचा चेहरा तसाच दिसतो काय हें पाहावें. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती दहा माहितीपत्रकांहून खरी आहे.

ओलेडच्या पक्षाचें प्रमाण सांगितलें, तेव्हां त्याची एक उणीवहि सांगणें न्यायाचें होईल. एकाच जागीं तेंच चित्र महिनोन्‌महिने राहिलें, तर त्या ठिकाणचे बिंदु इतरांच्या आधीं झिजतात, आणि त्या आकृतीची फिकट छाया पडद्यावर कायमची उमटण्याचा संभव असतो. चित्रपट व मालिका आलटून पालटून पाहणाऱ्या घरास याची विशेष भीति नाहीं. परंतु सकाळीं सहापासून रात्रीं दहापर्यंत बातम्यांची एकच वाहिनी लावून ठेवण्याची ज्या घराची रीत आहे, तेथें खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यांतलें वाहिनीचें चिन्ह हें काम चोख बजावतात. अशा घरानें लाखाचा ओलेड घेणें म्हणजे पैठणी नेसून भांडीं घासण्यासारखें आहे. तरीहि घ्यावयाचाच असेल, तर अशा डागास हमी लागू आहे किंवा नाहीं, हें हमीपत्रांत आधीं वाचून घ्यावें.

डोळ्यांविषयीं इतकें झालें, आतां कानांविषयीं. संच जसजसे पातळ होत गेले, तसतशी आंतल्या ध्वनिवर्धकांस जागा उरेनाशी झाली. हल्लीं ते बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात, आणि आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. ही खोड स्वस्त संचांत आहे तशीच कित्येक उंची संचांतहि आहे. वार्धक्यांत माणसाची श्रवणशक्ति सर्वांत आधीं उंच पट्टींत कमी होते. आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांसारखीं व्यंजनें त्याच पट्टींत असतात. म्हणून आजी म्हणतात, “अरे, वाद्यें तेवढीं वाजतात, बोलणें कांहीं कळत नाहीं.” मग आवाज वाढविला जातो, सुनेचें डोकें दुखूं लागतें, नातवाचा अभ्यास मोडतो, आणि शेवटीं आजी ‘मला नाहीं पाहायचें’ म्हणून उठून जातात. घरांतील एक माणूस अशा रीतीनें हळूहळू बैठकींतून बाद होतो, आणि त्याचें कारण कोणास कळतहि नाहीं. पांच ते आठ हजारांत मिळणारी, पुढें तोंड असलेली साधी ध्वनिपट्टी संचाखालीं ठेवली, आणि तिच्यांत बोलणें स्पष्ट करण्याची सोय असेल तर ती चालू केली, कीं हें दुःख पुष्कळ अंशीं दूर होतें. संच घेतांना ‘एआरसी’ असें लिहिलेली एचडीएमआय खांच आहे ना, एवढें पाहून ठेवावें. तीमुळें ध्वनिपट्टी एकाच तारेनें जोडतां येते आणि बहुधा एकाच रिमोटनें चालते.

स्वस्त संच लवकर जुना होतो, असा एक आक्षेप आहे. आणि तो खोटा नाहीं. पण जुनें काय होतें, तें पाहिलें पाहिजे. पडद्याच्या मानानें संचांतली संगणकीय बाजू आधीं थकते. स्मरणशक्ति बेताची, साठवण अपुरी, आणि कांहीं वर्षांनीं नव्या सुधारणा येणें बंद. मग एक कळ दाबून पाणी पिऊन यावें, तोंवर पडदा हलतो. यावर उपाय म्हणजे चार-पांच हजारांची निराळी कांडी किंवा पेटी संचास जोडणें. तेवढ्यासाठीं संच मोडीत काढण्याची गरज नसते. उंची संचाची संगणकीय बाजू अधिक दिवस टिकते, पण ती अमर नसते. पाठीमागच्या दिव्यांचें आयुष्य मात्र आपल्या हातीं आहे. संच घरीं आणल्यावर ती भडक मांडणी काढून प्रकाश बेताचा ठेवावा. दिवे मंद जळले म्हणजे अधिक काळ टिकतात आणि विजेचेंहि भान राहतें. शंभर वॅटचा संच रोज पांच तास चालला तर वर्षास सुमारें १८२ युनिटें लागतात; युनिटास दहा रुपये धरले तर हा खर्च अठराशेंच्या घरांत जातो. संचावर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचें तारांकित पत्रक चिकटविलेलें असतें, तें वाचण्याची संवय लावून घ्यावी.

संच इतके स्वस्त कसे झाले, याचाहि थोडा विचार व्हावा. हल्लींचा संच विकल्यानंतरहि कांहीं कंपन्यांची त्यावरची कमाई चालूच असते. मुखपृष्ठावर जाहिराती येतात, आणि आपण काय पाहतों याची नोंद ठेवली जाते. अमेरिकेंत २०१७ सालीं व्हिझिओ या कंपनीनें सुमारें एक कोटी दहा लक्ष संचांतून प्रेक्षकांच्या संमतीवांचून अशी माहिती गोळा केल्याचें प्रकरण तेथील फेडरल ट्रेड कमिशननें चालविलें, आणि कंपनीस २२ लक्ष डॉलर देऊन तें मिटवावें लागलें. आपल्याकडेहि नवा संच प्रथम चालू करतांना ‘मान्य आहे’ अशा कळा एकामागून एक दाबल्या जातात. घरांतील एखाद्या जाणत्या मुलानें त्या वेळीं शांतपणें वाचून, पाहण्याची नोंद ठेवणारी सोय बंद करावी. ही दक्षता स्वस्त व उंची दोन्ही संचांस सारखीच आवश्यक आहे.

पैशांची गोष्ट शेवटीं सांगतों. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीं पन्नास हजार किंमतीचा संच पूर्वीं ६४,००० रुपयांस पडत असे, तो या दरानें ५९,००० रुपयांस पडतो. हे वांचलेले पांच हजार ध्वनिपट्टीस पुरेसे आहेत, हें आम्ही मुद्दाम सुचवितों. परंतु ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांनीं भुलून जाऊन वरच्या पायरीवर उडी मारूं नये. रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच बँकांना बजावलें होतें कीं, शून्य टक्के व्याज अशी कांहीं वस्तूच नाहीं; व्याज कोठें तरी किंमतींत किंवा शुल्कांत दडलेलें असतें. रोख दिल्यास किती सूट मिळेल, हें विचारावें. हप्त्यानें घेतां जी सूट सुटते, तेंच व्याज. ऋण काढून सण करूं नये, हा जुना उपदेश संचासहि लागू आहे. तसेंच, त्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस आपल्या गांवीं येतो काय, हेंहि विचारावें. पडदा फुटला तर नवीन पडद्याची किंमत बहुधा नव्या संचाच्या जवळ जाते. म्हणून लहान मुलांच्या घरांत संच भिंतीवर पक्का बसवून घेणें, ही सर्वांत स्वस्त हमी होय.

एका तिसऱ्या मार्गाचा विचार कित्येक घरांत होऊं लागला आहे, त्याविषयीं दोन शब्द. एका उंची संचाच्या किंमतींत तीन-चार स्वस्त संच येतात. मग प्रत्येक खोलींत एक घेऊन भांडण कां मिटवूं नये? हिशोब बिनचूक आहे. पण मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या नंतरचीं वर्षें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना आठवत असेल कीं, अख्खी चाळ एका कृष्णधवल संचापुढें बसत असे. १९८७ सालीं ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हांहि रविवारीं सकाळीं शेजाऱ्यांस दार उघडें असे. तो काळ परत यावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत गैरसोय पुष्कळ होती, आणि आज हातांतल्या फोननें प्रत्येकाची करमणूक आधींच वेगळी केलेली आहे. परंतु म्हणूनच दिवाणखान्यांतला संच ही घरांतील उरलेल्या मोजक्या समाईक वस्तूंपैकीं एक आहे. तो विभागला, कीं रात्रीच्या जेवणानंतरची अर्धी घटिकाहि विभागली जाते. आणि ती परत एकत्र करण्याचें यंत्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

सारांश, ज्या घरांत चित्रपटांची खरी आवड आहे, रात्रीं दिवे मालवून पाहण्याची रीत आहे, बातम्यांची पट्टी दिवसभर चालत नाहीं, आणि पैसा रोख हातांत आहे, त्या घरानें उंची संच अवश्य घ्यावा व निःशंकपणें त्याचा उपभोग घ्यावा. परंतु जेथें मालिका, बातम्या, क्रिकेट आणि सणावारीं एखादा चित्रपट एवढाच व्यवहार आहे, तेथें मधल्या किंमतीचा, शक्य तितका मोठा, बाजूनें नीट दिसणारा एकच संच, त्याखालीं ध्वनिपट्टी, आणि रोज पाहावयाच्या दोन-तीन वाहिन्या एचडी दर्जाच्या, एवढें पुरेसें आहे. अशी योजना लाखाच्या निम्म्या-पाऊणपट खर्चांत पार पडते, आणि तिचा लाभ घरांतील शेवटच्या माणसापर्यंत पोंचतो. कोणता संच घ्यावा याचा वाद घालण्यापूर्वीं कर्त्या मंडळींनीं एक संध्याकाळ आजींच्या दिवाणावर बसून जुना संच पाहावा. तेथून काय दिसत नाहीं आणि काय ऐकूं येत नाहीं तें कागदावर लिहून काढावें, आणि तोच कागद घेऊन दुकानांत जावें.